गुप्त शस्त्रधारण आणि ‘सोयी’ची कल्पना : अमेरिकेतील पिस्तूल-निवडीचा एक विचार

१. विषयप्रवेश

आपल्या भाषेतील ‘गुप्ती’ हा शब्द मोठा बोलका आहे. काठीच्या पोटात दडविलेले पाते म्हणजे गुप्ती. या शस्त्राचे नाव त्याच्या धारेवरून वा आकारावरून पडलेले नसून त्याच्या लपण्यावरून पडले आहे. परंतु या लपण्याची किंमतही त्या शस्त्रास द्यावी लागते. काठीत मावावे म्हणून पाते अरुंद करावे लागते आणि हाताच्या रक्षणासाठी तलवारीला असणारी परज येथे ठेवता येत नाही. म्हणजे जो गुण शस्त्र बाळगण्यास सोयीचा, तोच ते वापरण्यास गैरसोयीचा ठरतो.

हाच विरोध आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार मोठ्या प्रमाणावर अनुभवास येत आहे. तेथे २०१९ सालच्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारलेल्या अभ्यासानुसार सुमारे साठ लक्ष प्रौढ व्यक्ती रोज भरलेले पिस्तूल अंगावर बाळगीत होत्या. २०१५ साली हीच संख्या सुमारे तीस लक्ष होती. बंदूक बाळगण्याचे कारणही पालटले आहे. १९९९ साली बंदूकधारकांपैकी ४९ टक्के लोक शिकार हे मुख्य कारण सांगत व २६ टक्के संरक्षण हे सांगत. २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के धारकांनी संरक्षण हे एक प्रमुख कारण असल्याचे सांगितले. शिकारीची बंदूक वर्षाचे बहुतेक दिवस कपाटात असते. संरक्षणाचे पिस्तूल मात्र सकाळी कमरेला लागते आणि रात्री उतरते. त्यामुळे ‘कोणते पिस्तूल अधिक प्रभावी?’ या जुन्या प्रश्नाची जागा ‘कोणते पिस्तूल दिवसभर सुखाने बाळगता येईल?’ या प्रश्नाने घेतली आहे.

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या आवडीनिवडीचा आहे असे वरवर पाहता वाटेल. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की ‘सोय’ हा पिस्तुलाचा स्वतंत्र गुण नव्हे. बाळगण्याची सोय, चालविण्याची सोय आणि सुरक्षितता या तिहींमधील ती एक तडजोड आहे. आणि या तडजोडीत एका ठिकाणची टाळलेली गैरसोय नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे जाते. ती कोठे जाते याचा शोध हाच या विषयाच्या अभ्यासाचा गाभा होय.

२. उघडे व लपविलेले : कायद्यातील पालट

शस्त्र लपवून बाळगणे ही गोष्ट अमेरिकी समाजाने नेहमीच आजच्यासारखी मानलेली नाही. केंटकी व लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच गुप्त शस्त्रधारणेविरुद्ध कायदे केले. केंटकीचा कायदा तेथील वरिष्ठ न्यायालयाने १८२२ साली रद्द ठरविला. परंतु इतर अनेक राज्यांच्या न्यायालयांनी उलट भूमिका घेतली. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० साली एका खटल्यात जो विचार मांडला त्याचा आशय असा : उघडपणे बाळगलेले शस्त्र माणसास मर्दानी प्रतिकारास प्रवृत्त करते, तर लपविलेल्या शस्त्रामुळे बेसावध माणसावर घात करण्याची संधी मिळते. सभ्य मनुष्य आपले शस्त्र दाखवितो, घातकी मनुष्य ते लपवितो, अशी त्या काळची सर्वसाधारण धारणा होती.

आज ही धारणा जवळजवळ उलटी झाली आहे. टेक्सस राज्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे १९९५ च्या कायद्याने परवानाधारकास पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा मिळाली. तेच पिस्तूल होल्स्टरमध्ये उघडपणे बाळगण्याची मुभा मात्र १ जानेवारी २०१६ पासून मिळाली. अशा रीतीने दोन दशके लपविणे वैध व दाखविणे अवैध होते. एकोणिसाव्या शतकात जे भित्रेपणाचे लक्षण मानले जाई, तेच विसाव्या शतकाच्या अखेरीस सभ्यतेचे लक्षण झाले. कारण बाजारात वा प्रार्थनामंदिरात उघडे पिस्तूल पाहून इतरांनी घाबरू नये, अशी अपेक्षा त्यामागे होती.

या बदलास गती दिली ती फ्लोरिडाच्या १९८७ च्या कायद्याने. ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदारास परवाना दिलाच पाहिजे, हे त्याचे तत्त्व इतर राज्यांनी क्रमाक्रमाने उचलले. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत मात्र विशेष कारण दाखविल्याखेरीज परवाना मिळत नसे. ही अट संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरविली. २०२४ पर्यंत एकोणतीस राज्यांत गुप्त शस्त्रधारणेसाठी परवान्याचीही आवश्यकता उरली नव्हती. परवाना गेला की बहुतेक ठिकाणी त्यास जोडलेले सक्तीचे प्रशिक्षणही जाते. पिस्तुलाच्या निवडीची सारी जबाबदारी त्यामुळे एकट्या धारकावर आणि त्यास माल विकणाऱ्यावर येऊन पडते.

३. खिशापासून कमरेपर्यंत

घडणीच्या दृष्टीने पाहता या शस्त्राचा इतिहास वस्त्रांच्या इतिहासाशी निगडित आहे. फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर (१७८६–१८६८) याने खिशात मावेल असे आखूड पिस्तूल प्रसिद्धीस आणले. त्यात एकच गोळी भरता येई. १४ एप्रिल १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांच्यावर जॉन विल्क्स बूथ याने झाडलेली गोळी अशाच पिस्तुलातील होती. ती गोळी सुटताच त्याच्या हातातील शस्त्र निरुपयोगी झाले आणि त्याला अडविणाऱ्या मेजर रॅथबोन यांच्यावर त्याने सुऱ्याने वार केला. आखूडपणासाठी कोणती किंमत द्यावी लागते हे या प्रसंगात स्पष्ट होते. पुढे रेमिंग्टन कंपनीने १८६६ पासून १९३५ पर्यंत दोन नळ्यांचे लहान पिस्तूल बनविले. गोळ्या एकीच्या दोन झाल्या, तरी त्यांची शक्ती बेताचीच राहिली.

१८८७ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने एक वेगळ्या विचाराचे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. त्याचा घोडा आतल्या बाजूस झाकलेला होता, त्यामुळे खिशातून काढताना तो कापडात अडकत नसे. मुठीच्या मागील बाजूस एक दाबपट्टी होती. ती पूर्ण दाबल्याखेरीज गोळी सुटत नसे आणि लहान मुलाच्या हातास ती दाबता येऊ नये, असा त्यामागील हेतू सांगितला जाई. खिशातील शस्त्र घरातील मुलाच्या हाती पडू शकते, ही जाणीव त्या काळातही होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

विसाव्या शतकात कोल्ट कंपनीची १९०३ व १९०८ सालची चपटी स्वयंभर पिस्तुले आली. त्यांतील लहान पिस्तूल जाकिटाच्या खिशासाठी म्हणूनच बनविलेले असून त्याचे वजन सुमारे ३७० ग्रॅम होते. १९५० साली स्मिथ अँड वेसनने पाच काडतुसांचे आखूड रिव्हॉल्व्हर काढले. सहाऐवजी पाच काडतुसे घेतल्यामुळे त्याचे फिरते नळकांडे बारीक झाले. त्याचेच वंशज आजही विकले जातात. पोलादी घडणीत ते सुमारे ५५० ग्रॅम, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे ४२५ ग्रॅम आणि स्कँडियमयुक्त मिश्रधातूत सुमारे ३३० ग्रॅम भरते.

एका कायद्याचा या घडणीवर झालेला परिणामही नमूद करण्याजोगा आहे. सप्टेंबर १९९४ च्या संघीय कायद्याने दहापेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या नव्या मॅगझीनच्या विक्रीवर बंदी आणली. ती २००४ मध्ये संपली. दहाच काडतुसे मिळणार असतील तर पिस्तूल मोठे कशाला, असा विचार ग्राहक व कारखानदार दोघेही करू लागले आणि लहान पिस्तुलांस चालना मिळाली. दारूगोळा कमी व्हावा म्हणून केलेल्या नियमाने पिस्तूल अधिक सहज लपू लागले. पुढे २००८ साली रूगर कंपनीचे अवघे २६६ ग्रॅमचे पिस्तूल आले आणि २०१८ साली सिग सॉअर कंपनीने सुमारे ५०० ग्रॅमच्या, एक इंच जाडीच्या पिस्तुलात दहा काडतुसांचे मॅगझीन बसविले. या प्रवासात बाळगण्याची सोय सतत वाढत गेली आहे. चालविण्याच्या सोयीचे काय झाले, हे आता पाहू.

४. धक्क्याचे गणित

गोळी पुढे जाते त्या संवेगाइतकाच संवेग पिस्तुलास मागे मिळतो, हा न्यूटनचा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. नऊ मिलिमीटर व्यासाची साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदास ३५० मीटर वेगाने सुटली तर तिचा संवेग सुमारे २.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. दारूच्या वायूचा वाटा तूर्त सोडून देऊ. एक किलोग्रॅमचे पिस्तूल यामुळे सेकंदास २.६ मीटर वेगाने मागे येईल व त्याची ऊर्जा सुमारे ३.४ ज्यूल होईल. तेच काडतूस ५०० ग्रॅमच्या पिस्तुलातून उडविल्यास वेग दुप्पट होतो आणि ऊर्जाही दुप्पट, म्हणजे सुमारे ६.९ ज्यूल होते. संवेग तोच राहत असल्यामुळे धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते.

सौम्य काडतुसाचा उपाय या ठिकाणी सुचतो. परंतु तोही मर्यादितच आहे. सुमारे ६.२ ग्रॅमची गोळी सेकंदास २६० मीटर वेगाने २६६ ग्रॅमच्या पिस्तुलातून सुटली असे धरल्यास धक्क्याची ऊर्जा सुमारे ४.९ ज्यूल येते. म्हणजे दुबळे काडतूस वापरूनही हे चिमुकले पिस्तूल एक किलोच्या लष्करी धाटणीच्या पिस्तुलापेक्षा हातास अधिक झोंबते. त्यातच त्याची मूठ इतकी आखूड असते की करंगळीस आधार उरत नाही, आणि नळी आखूड असल्यामुळे नेम धरण्याची माशी व मागील खाच यांतील अंतर कमी होऊन नेमातील लहानशी चूकही लक्ष्यावर मोठी होते. हलक्या पिस्तुलाचा वरचा सरकता भाग हलका असतो. त्याला आवरण्यासाठी स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. त्यामुळे वृद्धांस वा संधिवात असलेल्यांस ते ओढून भरणेही अवघड जाते. दुकानदार पुष्कळदा दुबळ्या हाताच्या ग्राहकापुढे सर्वांत लहान पिस्तूल ठेवतो. वस्तुतः त्या हातास तेच सर्वांत अवघड असते. सौम्य काडतुसासाठी बनविलेले जरा मोठे पिस्तूल अशा हातास अधिक योग्य. २०१८ पासून अशी पिस्तुले सहज ओढता येण्याच्या गुणावरच विकली जाऊ लागली, हे त्याचेच द्योतक होय.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते. स्कँडियमयुक्त अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार काडतूस उडविले असता धक्का इतका तीव्र असतो की नळकांड्यातील न उडालेल्या काडतुसांच्या गोळ्या आपल्या कोशांतून पुढे सरकू शकतात व यंत्र अडकते. ठराविक वजनापेक्षा हलक्या गोळ्या वापरू नयेत, अशीही सूचना कारखान्याने काही नमुन्यांच्या नळीवरच कोरली आहे. बाळगण्याची सोय पराकोटीस नेली की शस्त्र आपल्या मूळ कार्यासच कसे मुकू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आपल्याकडेही या गणिताचा प्रत्यय आला आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांच्या संरक्षणाचा हेतू सांगून ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर काढले. त्यात टायटॅनियमचा मिश्रधातू वापरून वजन उतरविले, परंतु काडतूस मात्र .३२ मापाचे, सौम्य असेच ठेवले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील परवाना मिळणे कठीण आणि किंमत त्या वेळी सव्वा लक्ष रुपयांच्या घरात, यांमुळे ते कितीजणींच्या हाती पोहोचू शकेल हा प्रश्न वेगळा. घडणीपुरता त्यातील समतोल विचारपूर्वक साधलेला दिसतो.

५. होल्स्टर, पट्टा व वस्त्र

पिस्तूल निवडण्यात पुष्कळ काळ घालवावयाचा आणि ते ठेवण्याचे साधन मात्र घाईने घ्यावयाचे, ही नवख्या धारकाची नेहमीची चूक होय. प्रत्यक्षात शरीरास दिवसभर स्पर्श असतो तो होल्स्टरचा. पाचशे ग्रॅमचे पिस्तूल चांगल्या पट्ट्यावर आठ तास जाणवत नाही. तीनशे ग्रॅमचे पिस्तूल लुळ्या पट्ट्यावर तासाभरात बोचू लागते. सुमारे दीड इंच रुंदीचा, आडव्या दिशेने न वळणारा पट्टा भार कमरेभोवती वाटून देतो. साध्या पट्ट्यास मात्र पीळ पडतो, पिस्तुलाची मूठ बाहेर कलते आणि सदऱ्यावर तिचा आकार उमटतो. हा आकार उमटू न देणे हीच गुप्ततेची खरी कसोटी असते. तो बहुधा नळीमुळे उमटत नाही, मुठीमुळे उमटतो. म्हणून नळी आखूड करण्यापेक्षा मूठ शरीराशी जुळविणे अधिक फलदायी ठरते.

कमरेवरील जागा सांगण्यासाठी तेथे घड्याळाच्या तबकडीची उपमा रूढ आहे. बेंबी म्हणजे बाराचा आकडा. उजव्या कमरेवर तीन, त्याच्या किंचित मागे चार आणि पोटाच्या पुढील भागी एक. चारच्या जागी बसताना अडचण कमी, परंतु वाकले असता मूठ उघडी पडते व मागून कोणी हात घातल्यास रक्षण करणे कठीण. एकच्या जागी पिस्तूल उत्तम लपते व हातास लवकर लागते. मात्र बसताना नळी मांडीच्या दिशेस रोखलेली राहते. खिसा, घोटा, खांदा या जागांचेही असेच गुणदोष आहेत. मोटार चालविणारा, दिवसभर खुर्चीत बसणारा आणि उभ्याने काम करणारा यांना एकच जागा सारखी सोयीची होऊ शकत नाही. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यातील एकेरी सदरा आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यातील जाड कोट यांखाली एकच पिस्तूल सारखे लपतही नाही. वर्षाच्या बारा महिन्यांचा विचार न करता केलेली निवड म्हणूनच टिकत नाही.

६. सुरक्षिततेची कसोटी

होल्स्टरने तीन गोष्टी केल्याच पाहिजेत : चाप संपूर्ण झाकला पाहिजे, धावताना वा पडताना पिस्तूल घट्ट धरून ठेवले पाहिजे आणि पिस्तूल काढल्यावर त्याचे तोंड उघडे राहिले पाहिजे. आजच्या बहुतेक पिस्तुलांत निराळी सुरक्षा-कळ नसते अथवा ती ऐच्छिक असते. जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढण्यास सुमारे पाच किलो वजनाइतका जोर लागे, तर आताच्या कित्येक पिस्तुलांस त्याच्या निम्माच पुरतो. चाप हलका झाला तितका त्यावरील आवरणाचा भार वाढला. मऊ कातड्याचे होल्स्टर जुने होऊन दुमडले म्हणजे ती घडी चापात शिरून पिस्तूल परत ठेवताना गोळी सुटू शकते. ताठ प्लास्टिकची होल्स्टरे प्रचारात येण्याचे हे एक कारण आहे. अंगास ती कातड्याइतकी सुखद लागत नाहीत. येथेही शरीराची सोय व सुरक्षितता यांची तडजोड आहेच. परंतु तीत कोणत्या बाजूने झुकावे याविषयी शंका नसावी.

शरीरास लागणारी गैरसोय टाळण्यासाठी पिस्तूल शरीरापासूनच दूर केले जाते, तेव्हा धोका सर्वांत वाढतो. बोचते म्हणून ते मोटारीच्या कप्प्यात राहते आणि तेथून चोरीस जाते. अथवा ते हातपिशवीत जाते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील एका दुकानात खरेदीस आलेल्या एका तरुण मातेच्या हातपिशवीतून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल बाहेर काढले आणि त्यातून सुटलेल्या गोळीने ती मरण पावली. ती पिशवी गुप्त शस्त्रधारणेसाठीच मुद्दाम बनविलेली होती, पिस्तुलाचा कप्पा निराळा होता. पिशवी बाळगण्यास सोयीची, यात संशय नाही. परंतु अंगावरचे शस्त्र धारकाच्या ताब्यात असते आणि पिशवीतील शस्त्र पिशवीपर्यंत पोहोचणाऱ्या कोणाच्याही ताब्यात जाऊ शकते. १८८७ च्या दाबपट्टीमागे जी चिंता होती ती सव्वाशे वर्षांनंतरही दूर झाली नव्हती.

सोयीचा आणखी एक अर्थ या ठिकाणी टाळून चालणार नाही. रोज जवळ असणारे शस्त्र धारकाच्या वाईट घटकेतही जवळच असते. संयुक्त संस्थानांत २०२१ साली बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी २६,३२८ मृत्यू आत्महत्येचे होते. परक्याच्या हल्ल्याचे भय मनात धरून शस्त्र निवडणाऱ्याने घरातील बालक आणि घरातील निराश मनुष्य, मग तो स्वतः का असेना, यांचाही विचार त्याच वेळी करणे अगत्याचे आहे. रात्री उतरविलेले पिस्तूल ठेवण्यासाठी कुलूपबंद पेटी, ही म्हणूनच या साहित्याच्या यादीतील शेवटची वस्तू नव्हे.

७. समारोप

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा असे दिसते. प्रथम राज्याचा कायदा व आपला दिनक्रम. नंतर शरीरावरील जागा व वस्त्रे. त्यानंतर चाप झाकणारे होल्स्टर, ताठ पट्टा व घरातील पेटी. आणि सर्वांत शेवटी, या सर्वांत बसेल व हातास झेपेल असे पिस्तूल. जाहिराती हा क्रम नेमका उलटा लावतात. शिवाय पिस्तूल जितके लहान तितका सराव अधिक हवा, हा गणिताने सिद्ध होणारा नियम. परंतु हातास झोंबणाऱ्या पिस्तुलाचा सराव माणूस सहसा टाळतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी नेमबाजीच्या मैदानावर तेच पिस्तूल शंभरेक वेळा उडवून पाहणे आणि रिकामे पिस्तूल घरात दिवसभर लावून पाहणे, या दोन्ही परीक्षा आवश्यक ठरतात. एकीत चालविण्याची सोय कळते, दुसरीत बाळगण्याची.

समाजशास्त्राच्या अभ्यासकास या विषयात आणखीही एक गोष्ट आढळेल. अमेरिकेतील शस्त्रविषयक वाद बहुधा हक्क आणि बंदी या दोन शब्दांभोवती फिरतो. परंतु साठ लक्ष माणसे रोज सकाळी जो निर्णय घेतात तो या शब्दांत घेत नाहीत. बोचते की नाही, दिसते की नाही, बसता येते की नाही, या शब्दांत घेतात. कायद्याने सक्तीचे प्रशिक्षण जेथे मागे घेतले आहे तेथे या लहान प्रश्नांच्या उत्तरांवरच मोठे परिणाम अवलंबून राहतात. सोयीसाठी टाळलेल्या गैरसोयीचा भार अखेर कोणावर पडतो, एवढा एक प्रश्न धारकाने स्वतःस विचारला तरी त्याच्या निवडीत पुष्कळ फरक पडेल.